पिरिडोस्टिग्मीन ब्रोमाइड : प्राण्यांवरचा पुरावा कसा वाचावा?

‘उंदरांवरील प्रयोगांत सिद्ध झाले’ ही शब्दयोजना वर्तमानपत्रात आली की वाचकांचे दोन तट पडतात. एका तटाला वाटते, उंदरावर सिद्ध झाले म्हणजे माणसावर झालेच. दुसरा तट म्हणतो, उंदीर तो उंदीर. त्याच्यावरून माणसाचे काय कळणार? विज्ञान शिकवणाऱ्याला यांपैकी कोणत्याच तटावर बसून चालत नाही. प्रयोग कोणत्या प्राण्यावर, किती मात्रेत, कशाच्या तुलनेत झाला आणि त्यातून नेमके काय मोजले गेले, हे विचारल्याशिवाय त्या बातमीला किंमत देता येत नाही आणि ती झटकूनही टाकता येत नाही.

हे प्रश्न कसे विचारावेत हे दाखवण्यासाठी आम्ही एकच औषध निवडले आहे. त्याचे नाव पिरिडोस्टिग्मीन ब्रोमाइड. प्राण्यांवरील पुराव्याच्या आधारे हे औषध एकदा उपयुक्त ठरवले गेले, आणि प्राण्यांवरील पुराव्याच्याच आधारे ते एका दीर्घ आजाराचे कारण म्हणून संशयितांच्या यादीतही गेले. म्हणून पुरावा तपासण्याची सवय लावायला याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणे कठीण.

नावातले ब्रोमाइड

आधी नावाचा गोंधळ दूर करू. ब्रोमाइड म्हटले की जुन्या पिढीला झोपेचे आणि अपस्माराचे औषध आठवते. इंग्लंडमधील डॉक्टर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ साली अपस्मारावर पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सांगितला, आणि १९१२ मध्ये फेनोबार्बिटल येईपर्यंत त्याला तोलामोलाचा पर्याय नव्हता. तेथे काम करतो तो ब्रोमाइड आयनच. पिरिडोस्टिग्मीन ब्रोमाइडची गोष्ट निराळी आहे. त्यातला औषधी भाग म्हणजे पिरिडोस्टिग्मीन हा धनभारित आयन. ब्रोमाइड हा केवळ त्याचा विद्युतभार तोलणारा जोडीदार होय.

मग या ब्रोमाइडनेच अपाय झाला असेल का? अशी शंका खरोखर घेतली गेली होती, आणि ती अकरावीच्या विद्यार्थ्यालाही तपासून पाहता येईल. या क्षाराचे रेणुवस्तुमान सुमारे २६१, तर ब्रोमीनचे अणुवस्तुमान सुमारे ८०. म्हणजे वजनाने ब्रोमाइड जेमतेम ३१ टक्के. सैनिकाला दिवसाला ९० मिलिग्रॅम औषध दिले जाई, म्हणजे ब्रोमाइड सुमारे २८ मिलिग्रॅम. माणसाच्या शरीरातले ब्रोमाइड निम्मे व्हायला सुमारे १२ दिवस लागतात. कितीही दिवस गोळ्या घेतल्या तरी साठा साधारण २८ गुणिले १२ गुणिले १.४४, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास थांबतो. ब्रोमाइडची विषबाधा दिसायला शरीरात काही ग्रॅम साठावे लागते. ही शंका येथेच निकालात निघते.

जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवावी. हेच ब्रोमाइड कुत्र्याच्या शरीरात निम्मे व्हायला सुमारे २४ दिवस लागतात. कुत्र्यांच्या अपस्मारावर पोटॅशियम ब्रोमाइड आजही वापरतात. मांजरांना मात्र त्याने दम्यासारखा श्वसनविकार होऊ शकतो, म्हणून त्यांच्या बाबतीत ते टाळतात. एवढा साधा आयन, तरी माणूस, कुत्रा आणि मांजर यांच्यात त्याचे वागणे असे बदलते. पुढच्या विवेचनात हे ध्यानात ठेवावे लागेल.

औषध काय करते?

मज्जातंतूकडून स्नायूकडे संदेश नेणारे रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. संदेश पोहोचल्यावर त्याचे तुकडे करण्याचे काम अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर करते. सारिन, सोमान यांसारखे चेताविषारी वायू या विकराला कायमचे जखडतात. मग संदेश थांबतच नाही आणि श्वास बंद पडून मृत्यू येतो. पिरिडोस्टिग्मीनही याच विकराला जखडते, पण तात्पुरते. काही तासांनी विकर पुन्हा मोकळे होते. ‘मायास्थेनिया ग्रेव्हिस’ या स्नायुदौर्बल्याच्या आजारात अ‍ॅसिटिलकोलीन थोडे अधिक काळ टिकावे म्हणून हे औषध १९५५ पासून वापरात आहे, आणि तेथे त्याची मात्रा सैनिकांना दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट असते.

सोमानच्या बाबतीत अडचण अशी की त्याने जखडलेले विकर काही मिनिटांतच इतके पक्के बांधले जाते की नंतर दिलेला उतारा त्याला सोडवू शकत नाही. यावर तोड म्हणून काही विकर आधीच पिरिडोस्टिग्मीनच्या तात्पुरत्या ताब्यात ठेवायचे. सोमानला तेवढे विकर सापडत नाही, आणि धोका टळल्यावर ते मोकळे होऊन कामाला लागते. हे औषध स्वतः उतारा नाही. वायूचा हल्ला झाल्यावर अ‍ॅट्रोपीन आणि ऑक्झाइम वर्गातील औषध द्यावेच लागते.

१९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे सुमारे ७ लाख सैनिक त्या भागात होते. त्यांतील अंदाजे अडीच लाखांनी या गोळ्या कमी-अधिक दिवस घेतल्या. दर आठ तासांनी ३० मिलिग्रॅम अशी मात्रा होती. सोमानविरुद्ध वापरासाठी औषधाला तेव्हा रीतसर मंजुरी नव्हती. डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक नियम करून युद्धपरिस्थितीत सैनिकांची संमती न घेता असे औषध देण्याची मुभा ठेवली. युद्धानंतर हजारो सैनिक दीर्घ थकवा, अंगदुखी, विसराळूपणा, झोपेच्या आणि पोटाच्या तक्रारी घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या चढू लागले. ज्याने आपल्या मर्जीवाचून गोळी गिळली, त्याने ‘माझ्या आजाराचे कारण ही गोळी आहे का?’ असे विचारले, तर त्याला सरळ उत्तर मिळण्याचा हक्क आहे. ते उत्तर प्राण्यांवरील प्रयोगांतून शोधले गेले. ते प्रयोग कसून तपासले पाहिजेत ते यासाठी.

उपयोगाचा पुरावा

माणसाला सोमान देऊन औषधाची परीक्षा घेता येत नाही. अशा प्रसंगांसाठी अमेरिकेत २००२ साली ‘प्राणी नियम’ अमलात आला. त्यातील अटी थोडक्यात अशा. विषाची आणि औषधाची क्रिया नीट समजलेली असावी. परिणाम सहसा एकाहून अधिक जातींच्या प्राण्यांत दिसावा. प्राण्यांत जे मोजले ते माणसाला हव्या असलेल्या लाभाशी, म्हणजे बहुधा जीव वाचण्याशी, थेट निगडित असावे. आणि माणसाला किती मात्रा द्यावी हे ठरवण्याइतकी माहिती हाती असावी. या नियमाखाली मंजूर झालेले पहिले औषध म्हणजे पिरिडोस्टिग्मीन ब्रोमाइड. वर्ष २००३, आणि मंजुरी फक्त सोमानपुरती.

येथे प्राण्याची निवड कशी निर्णायक ठरते ते पाहा. छोट्यामोठ्या उंदरांच्या रक्तात कार्बॉक्सिलेस्टरेज नावाचे विकर भरपूर असते. ते सोमानला वाटेतच शोषून घेते. माणसाच्या रक्तद्रवात ते नसल्यातच जमा. त्यामुळे उंदरात पिरिडोस्टिग्मीनचा फायदा फार थोडा दिसतो, आणि ऱ्हीसस माकडात तो ठळकपणे दिसतो. फक्त उंदीर पाहिला असता तर औषध जवळजवळ निरुपयोगी ठरले असते. माकड निवडण्यामागे ‘ते माणसासारखे दिसते’ एवढेच कारण नव्हते. ज्या विकरामुळे फरक पडतो ते विकर दोघांच्या रक्तात सारखेच विरळ आहे, हे खरे कारण.

शिवाय माकड आणि माणूस यांना जोडणारा एक पूल येथे होता. लाल रक्तपेशींवरचे कोलिनेस्टरेज किती टक्के जखडले गेले, हे माकडात मोजता येते आणि औषध घेतलेल्या माणसातही मोजता येते. म्हणून ‘माकडाला इतके पुरले, तर माणसाला किती?’ या प्रश्नाला वजनाच्या त्रैराशिकाहून भक्कम आधार मिळाला. आमच्या मते हा प्राणी-प्रारूपाचा, म्हणजे ज्याला सर्रास अ‍ॅनिमल मॉडेल म्हणतात त्याचा, चांगला वापर आहे. सैनिकांची संमती न घेण्याचे समर्थन मात्र त्यातून होत नाही. औषध गुणकारी असणे आणि ते विचारून देणे हे वेगळे प्रश्न आहेत.

अपायाचा पुरावा : तीन प्रयोग

आता दुसरी बाजू. पिरिडोस्टिग्मीनचा रेणू धनभारित असल्यामुळे तो रक्तातून मेंदूत सहसा शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पेशींचा अडसर त्याला अडवतो. पण युद्धकाळात औषध घेतलेल्या इस्राएली सैनिकांत मेंदूशी संबंधित तक्रारींचे प्रमाण शांतताकाळातील स्वयंसेवकांपेक्षा तिपटीहून अधिक आढळले. युद्धाच्या ताणाने हा अडसर सैल होतो की काय? इस्राएलमधील फ्रीडमन, सोरेक आणि सहकाऱ्यांनी छोट्या उंदरांना पाण्यात पोहायला लावून ताण दिला आणि औषध टोचले. १९९६ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये त्यांनी लिहिले की मेंदूतील निम्मे विकर जखडायला लागणारी मात्रा ताणाखालील उंदरांत शंभराव्या हिश्शाहूनही कमी भरली.

हा प्रयोग आम्हाला मांडणीच्या दृष्टीने उत्तम वाटतो. माणसांत दिसलेले एक निरीक्षण, त्यावरून एक नेमका तर्क, आणि तो तर्क खोटा ठरू शकेल अशी मोजणी, हे तिन्ही त्यात आहेत. म्हणूनच इतरांना तो तपासून पाहता आला. १९९८ साली फ्रान्समध्ये लालमां आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगना तीव्र उष्णतेचा ताण दिला. औषध मेंदूत शिरले नाही. २००० साली इस्राएलमधीलच ग्राउअर आणि सहकाऱ्यांनाही ताण दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतील विकर जखडले गेल्याचे आढळले नाही. त्याच वर्षी टेक्ससमधील सिंटन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या उंदरांत उलटेच दाखवले : ताणाची संप्रेरके वाढली की अडसर या औषधाला आणखी घट्ट होतो. विशेष म्हणजे त्या गटात आखाती आजारामागे रसायने आहेत असे मानणारे संशोधकही होते. आपल्या मताला न मानवणारा निष्कर्ष त्यांनी छापला, याची नोंद घ्यायला हवी. दुर्दैवाने पहिल्या प्रयोगाला जेवढी प्रसिद्धी मिळाली तेवढी पुढच्यांना मिळाली नाही, आणि ‘ताणाने मेंदूचे दार उघडते’ हे वाक्य निर्विवाद सत्य असल्यासारखे फिरत राहिले.

दुसरा प्रयोग कोंबड्यांवरचा. ड्यूक विद्यापीठातील अबू-डोनिया आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये कोंबड्यांना पिरिडोस्टिग्मीन, डास हाकलणारे डीट आणि कीटकनाशक परमेथ्रिन ही तीन रसायने वेगवेगळी व एकत्र, दोन महिने दिली. एकेकट्या रसायनापेक्षा एकत्रित रसायनांनी मज्जासंस्थेला अधिक इजा झाली. विष निकामी करणारी शरीरातील विकरे एका रसायनात गुंतली की दुसऱ्याला मोकळे रान मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. काही फॉस्फरसयुक्त विषांमुळे माणसाला उशिरा येणारा लुळेपणा कोंबडीत चांगला दिसतो, म्हणून कोंबडीची निवड विक्षिप्त नव्हती. पण मात्रा पाहा. डीट आणि परमेथ्रिन प्रत्येकी किलोमागे ५०० मिलिग्रॅम, तेही कातडीखाली टोचून. ७० किलोच्या सैनिकाच्या हिशेबाने हे प्रत्येकी ३५ ग्रॅम होतात, दररोज! सैनिकाने डीट कातडीवर चोळले होते, परमेथ्रिन कपड्यांवर मारले होते.

मोठी मात्रा देणे हा विषशास्त्रात गुन्हा नाही. थोड्या प्राण्यांत इजा दिसावी म्हणून मात्रा वाढवतातच. पण अशा प्रयोगातून ‘ही रसायने एकत्र आल्यास इजा करू शकतात’ एवढेच निघते. ‘त्या सैनिकांना त्यांनी इजा केली’ हे निघत नाही. इजा करण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष धोका यांतला हा फरक वर्गात विळ्याच्या उदाहरणानेही समजावता येईल. विळा कापू शकतो हे खरेच. पण अमक्याचे बोट त्यानेच कापले का, यासाठी वेगळा पुरावा लागतो.

तिसरा प्रयोग अलीकडचा आणि मात्रेबाबत अधिक काळजीपूर्वक केलेला. टेक्ससमधील शेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या उंदरांना पिरिडोस्टिग्मीन किलोमागे १.३ मिलिग्रॅम तोंडावाटे, डीट ४० मिलिग्रॅम आणि परमेथ्रिन ०.१३ मिलिग्रॅम कातडीवर, आणि जोडीला रोज पाच मिनिटे जखडून ठेवण्याचा ताण, असे २८ दिवस दिले. काही काळाने तपासले तेव्हा या उंदरांची स्मरणशक्ती मंदावली होती, मरगळ दिसत होती आणि मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागात नव्या चेतापेशी कमी बनत होत्या. सैनिकाचे ९० मिलिग्रॅम भागिले ७० किलो बरोबर १.३, म्हणजे मात्रा वाजवी दिसते. तरी येथेही एक मेख आहे. लहान प्राण्यांची चयापचयाची गती जलद असते, म्हणून औषधशास्त्रात शरीराच्या पृष्ठफळावरून रूपांतर करतात. मोठ्या उंदराच्या मात्रेला साधारण ६.२ ने भागले की माणसाची तुल्य मात्रा येते. त्या हिशेबाने उंदराला मिळालेले औषध सैनिकापेक्षा कमीच ठरते. मग एवढ्या कमी मात्रेत इजा झाली म्हणून चिंता वाढावी, की या रसायनांना हे रूपांतर लागूच पडत नाही असे समजावे? हा प्रश्न मोकळा आहे, आणि तो मोकळा असल्याचे विद्यार्थ्यांना सांगायला शिक्षकाने संकोचू नये.

प्रारूपातली खरी उणीव

आमचा मुख्य आक्षेप मात्रेहून खोलवरचा आहे. सोमानच्या विषबाधेचे कारण आपल्याला ठाऊक आहे. तेच विष माकडाला दिले की तीच विषबाधा होते. आखाती आजाराचे कारण मात्र आपण शोधतो आहोत. प्राण्याला पिरिडोस्टिग्मीन आणि कीटकनाशके द्यायची, त्याच्यात जे बिघाड दिसतील त्यांना ‘आखाती आजाराचे प्रारूप’ म्हणायचे, आणि पुढे त्याच प्रारूपाचा दाखला देऊन त्या रसायनांनी आखाती आजार होतो असे सांगायचे, हे वर्तुळात फिरणे झाले. जे सिद्ध करायचे तेच आधी गृहीत धरले गेले. अशा प्राण्याला ‘पिरिडोस्टिग्मीन आणि कीटकनाशके दिलेला उंदीर’ असेच म्हटले तर कोणाची फसगत होणार नाही. नाव बदलल्याने निरीक्षणाची किंमत कमी होत नाही. फक्त त्यावर लादलेले जादा ओझे उतरते.

प्राणी नियमाच्या अटी येथे लावून पाहू. क्रिया समजली आहे का? अर्धवट. अनेक जातींत तोच परिणाम दिसला का? मेंदूच्या अडसराबाबत तरी जातीजातींत, प्रयोगाप्रयोगांत फरक पडला. जे मोजले ते रुग्णाच्या तक्रारीशी थेट निगडित आहे का? उंदराची वाट चुकणे आणि माणसाला वीस वर्षे वाटणारा थकवा यांच्यात मोठे अंतर आहे. माणसाशी जोडणारा लाल रक्तपेशींसारखा मोजता येणारा पूल आहे का? युद्धकाळात कोणी किती गोळ्या घेतल्या याच्या नोंदी धड ठेवल्याच गेल्या नाहीत, तेथे पूल कुठून येणार? प्रारूपाची आणखी एक कसोटी म्हणजे त्यावर लागू पडलेला उपाय माणसाला लागू पडतो का. या उंदरांत हळदीतील कुर्कुमिनसारख्या पदार्थांनी सुधारणा दिसल्याचे लेख आहेत. आखाती आजारासाठी खास मंजूर झालेले औषध मात्र आजवर नाही.

यावर एक न्याय्य उत्तर येऊ शकते. उपयोग सिद्ध करायला जेवढा कडक पुरावा मागायचा, तेवढाच अपायाची शंका घ्यायला मागितला तर सावधगिरी कधी घ्यायची? हे आम्हाला मान्य आहे. गोळी देताना विचारणे, नोंद ठेवणे आणि आजारी सैनिकाला उपचार देणे, यासाठी कारण सिद्ध होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. पण ‘कारण सापडले’ असे म्हणण्यासाठी कसोटी एकच हवी. मंजुरीच्या वेळी माकडाचा पुरावा ग्राह्य धरणारे अपायाच्या वेळी ‘हे तर नुसते प्राणी’ म्हणतात, आणि अपायाच्या वेळी कोंबडी पुढे करणारे मंजुरीच्या वेळी माकड नाकारतात. दोघांचीही तागडी सारखीच वाकडी आहे.

तज्ज्ञ समित्यांतही एकमत झाले नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००० साली सांगितले की औषधाचे तात्कालिक परिणाम नक्की आहेत, दीर्घकालीन परिणामांविषयी पुरावा अपुरा आहे. २००८ साली तेथील माजी सैनिकांच्या आजारांवरील संशोधन सल्लागार समितीने मात्र पिरिडोस्टिग्मीन आणि कीटकनाशके यांना कारण ठरवले. त्या युद्धातील किमान दर चार सैनिकांमागे एकाला हा आजार असल्याचेही तिने म्हटले. २०२२ मध्ये हेली आणि सहकाऱ्यांनी हजारावर माजी सैनिकांचा अभ्यास करून बोट सारिनकडे दाखवले. सारिन निकामी करणाऱ्या पीओएन१ विकराचा कमजोर प्रकार ज्यांच्याकडे होता आणि ज्यांनी विषारी वायूचे इशारे ऐकल्याचे सांगितले, त्यांच्यात हा आजार अधिक आढळला. यातही वायूचा संपर्क प्रत्यक्ष मोजलेला नाही, तो आठवणीवरून ठरवला आहे. पण जनुक रक्तात तपासले आहे आणि आजार माणसाचा आहे. प्राण्यांवरील प्रयोगांनी सुचवलेले तर्क शेवटी अशा अभ्यासांतच तावून घ्यावे लागतात.

वर्गासाठी

प्राण्यांवरील प्रयोगाची कोणतीही बातमी फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना पाच रकाने भरायला सांगावेत : प्राणी कोणता आणि तोच का; मात्रा किती व कोणत्या मार्गाने; काय मोजले; दुसऱ्या कोणी तसेच पाहिले का; आणि माणसाशी जोडणारा पूल कोणता. बहुतेक बातम्यांत दोन-तीन रकाने रिकामे राहतील. रिकाम्या रकान्यात अंदाज लिहू देऊ नये. तो रिकामाच ठेवायला सांगावा. या प्रयोगांत उंदीर, गिनीपिग, कोंबड्या आणि माकडे यांनी जीव गमावले आहेत, आणि आखाती सैनिक आजही उत्तराची वाट पाहत आहेत. प्रश्न नेमका नसताना केलेला प्रयोग या दोघांवरही अन्याय करतो.